मत पुढच्या खेपेले देजो

जानेवारी 1980. लोकसभेची निवडणूक आणि कापसाचा हंगाम एकाच वेळी आले होते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरासमोर कापसाची गाडी भरून उभी होती. एकाधिकार खरेदी केंद्रावर तेव्हा गाड्यांची लांब रांग लागायची, कधी दोन-दोन रात्री तिथेच काढाव्या लागायच्या. आजोबांनी सालदाराला बोलावलं. "गाडी घेऊन जाय. मत पुढच्या खेपेले देजो." तो "हो जी" म्हणाला, भाकरी फडक्यात बांधून घेतल्या आणि बैल जुंपले. गाडीखाली टांगलेला कंदील वळणापर्यंत दिसत होता.

सालदार बौद्धपुऱ्यातला, आणि तिथली मतं आजोबांच्या पक्षाला पडत नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मला ते फार उशिरा कळलं. कोणी धमकावलं नाही, यादीतून नाव कापलं नाही, तरी एक मत कमी झालं. आजोबांवर माझी माया होती, आजही आहे. पण त्यांनी केलं ते चूकच होतं.

इथे अमेरिकेत आपल्या मंडळात इथल्या निवडणुकीवर गप्पा रंगतात, तेव्हा हा प्रसंग आठवतो. मतदानाच्या अटी, ओळखपत्रं, बंद झालेली केंद्रं हे विषय निघाले की आपल्यातले बरेच जण म्हणतात, हा काळ्या-गोऱ्यांचा जुना वाद, आपला काय संबंध? संबंध आहे. 1923 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. पुढे कृष्णवर्णीयांनी रक्त सांडून जो लढा दिला, त्यातून ऑगस्ट 1965 मध्ये मतदान हक्क कायदा आला, आणि त्याच वाऱ्यात दोन महिन्यांनी स्थलांतराचा नवा कायदा झाला. आपण त्याच दाराने आत आलो. 2013 च्या शेल्बी काउंटी निकालाने त्या मतदान कायद्याचा कणाच मोडला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट होता, त्यांना नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेण्याची गरज उरली नाही. अशा वेळी आपण गप्प बसणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?" असं विचारलं जातं. वऱ्हाडच्या माणसाने तरी हे विचारू नये. ब्रिटिशांच्या 1919 च्या कायद्याने मत दिलं ते सारा आणि कर भरणाऱ्यांना. नियम सगळ्या जातींना सारखाच होता; ज्याच्या नावावर शेतच नाही, तो मात्र बाहेर राहिला. त्याच वर्षी जानेवारीत बाबासाहेबांनी मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, असं बजावलं होतं. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच होते आणि पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या बाजूने उभे होते. देवळाच्या पायरीवर ज्याला अडवलं जाई, त्यालाच मतदारयादीतही जागा नसे. सरसकट सगळ्यांनी मत दिलं ते थेट 1951-52 मध्ये.

आता मेळघाटाकडे पाहा. धारणी-चिखलदऱ्याची कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात. होळीला गावी येतात आणि पुष्कळ जण पुन्हा जातात. 2024 ची होळी मार्चअखेर झाली, अमरावती-अकोल्याचं मतदान 26 एप्रिलला. वीटभट्टीवरच्या बाईला मत द्यायचं तर मजुरी बुडवून, भाडं खर्चून गावी यावं लागतं, कारण नाव तिथल्या यादीत असतं. दूरस्थ मतदानाचं यंत्र निवडणूक आयोगाने सुचवलं, पण ते अजून आलेलं नाही. तिचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही, पण तो बजावण्याची किंमत तिच्या खिशाला परवडत नाही.

ज्यांना परवडतं, त्यांच्यासाठी निवडणूक रोखे निघाले होते. हजारापासून कोटीपर्यंतचे रोखे होते, पण एकूण रकमेतला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा कोटीच्याच रोख्यांचा. एकूण 16 हजार कोटींवर पैसा पक्षांकडे गेला आणि देणाऱ्याचं नाव तेव्हा मतदाराला कळलं नाही. 15 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. त्या पाचांत एक भूषण गवई होते, अमरावतीचे. रोखे गेले, पण लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला 95 लाखांची मर्यादा आणि पक्षाच्या खर्चाला कोणतीच नाही, हे तसंच राहिलं. इकडे अमेरिकेत 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या थैल्या मोकळ्या केल्या. दोन्हीकडे गरिबाला रांगेत अडचण आणि श्रीमंताला मागचं दार. राजकारणाला देणगी देणाऱ्या आपल्या सभासदांनी ती स्वतःच्या नावाने, उघडपणे द्यावी. कुठल्याही आडवाटेने नको.

आणि एक विनंती, खास वऱ्हाडातल्यांना. आपल्यातल्या अनेकांची शेती गावाकडे ठोक्याने दिलेली आहे. पुढच्या मतदानाच्या आदल्या दिवशी ती करणाऱ्याला फोन लावा. शेतावर येणाऱ्या प्रत्येकाला उद्या पूर्ण मजुरीसह सुट्टी द्या म्हणावं, आणि त्या मजुरीचे पैसे तुम्ही पाठवा.