एल निनो म्हणजे दुष्काळच नव्हे

संपादक महोदय,

‘एल निनो आला, आता दुष्काळ अटळ’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान पटले नाही. १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत प्रबळांपैकी एक; तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा त्याहून पुष्कळ सौम्य, पण जुलै जवळजवळ निम्म्याने कोरडा गेला आणि दुष्काळ पडला.

प्रशांत महासागराचा मध्य-पूर्व भाग तापला की वर चढणाऱ्या हवेचा पट्टा तिकडे सरकतो. आपल्याकडे हवा खाली उतरते आणि ढग वाढत नाहीत. मात्र हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा उबदार असेल, तर ही तूट भरून निघू शकते. १९९७ मध्ये ती तशी होती.

शिवाय हंगामाची बेरीज शेतकऱ्याच्या काय कामाची? २०२३ मध्ये ती ९४ टक्के होती, पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. मराठवाड्यात नेमके तेव्हाच सोयाबीन फुलोऱ्यात असते, शेंगा धरतात. हवामान खाते दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा अंदाज देते. आपण तो ठळकपणे छापावा, ही विनंती.

– एक वाचक, परभणी