अल्कोहोल नाही, मग काय आहे?

तरावीहची नमाज संपवून लोक बाहेर पडतात तेव्हा मशिदीसमोरच्या अत्तराच्या टेबलाभोवती गर्दी होते. ईद जवळ आली की जास्तच. कुणी तळहाताच्या मागे लावून बघतो, कुणी कापसाचा फाया कानात खोचतो. आणि बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘अल्कोहोल नाही ना?’ विक्रेता छातीठोकपणे सांगतो, ‘बिलकुल नहीं भाई, प्युअर है.’ गिऱ्हाईक समाधानाने पैसे काढतो.

हे उत्तर खरे असते. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे.

शमामाचेच घ्या. तरुण मुले हल्ली ‘मर्दाना’ वास मागतात. मसालेदार, लाकडाचा, जरा गडद. परफ्यूमच्या खोक्यावर त्याला ‘स्पाइसी-वुडी’ म्हणतात. आमच्या अब्बांच्या अत्तरदाणीत त्याला शमामा म्हणत. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या बनतो आहे. त्यात काय पडते हे ऐकले तर मराठी वाचकाला आपल्याच घरात शिरल्यासारखे वाटेल. लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, आणि गोड्या मसाल्यातले दगडफूल. शिवाय नागरमोथा आणि कपूरकाचरी, म्हणजे दिवाळीच्या उटण्यातला ऐवज. जटामांसी आणि केशरही असते. प्रत्येक कारखानदाराचे प्रमाण वेगळे, आणि ते तो सहसा कुणाला सांगत नाही.

हा सगळा माल तांब्याच्या देगीत पाण्यासोबत चढवतात. झाकणाच्या फटी मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून ‘भपक्या’त उतरते. तो भपका गार पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. मसाल्यांचा वास ते तेल धरून ठेवते. माल टप्प्याटप्प्याने बदलायचा, तेच तेल पुन्हा लावायचे, असे हे दिवसेंदिवस चालते. अल्कोहोलचा संबंध कुठेच येत नाही. गंध पेलायला चंदन असते.

पण चंदन आता कुठे आहे? त्याच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर गेला आहे. साधा हिशेब करा. ग्रॅमला किमान शंभर रुपये धरले, तर तोळाभर अत्तरात केवळ तेलच हजाराच्या वर जाते. मसाले, सरपण आणि मजुरी वेगळीच. मग टेबलावर दीडशे रुपयांत तोळाभर ‘शुद्ध शमामा’ कसा मिळतो?

त्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन असते, नाहीतर डीओपी. डीओपी म्हणजे प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते रसायन. प्रसाधनांत ते घालायला युरोपीय संघाने बंदी केली आहे. त्यावर कृत्रिम गंधाचे चार थेंब पडतात. अल्कोहोल मात्र एक थेंबही नाही! आपण विचारले त्याचे उत्तर मिळाले. जे विचारलेच नाही, ते अंगाला आणि ईदच्या पांढऱ्या कुर्त्याला लागले.

बाहेरून लावायच्या अल्कोहोलबद्दल खुद्द उलेमांमध्ये मतभेद आहेत. अनेकांनी द्राक्षे किंवा खजुरापासून न बनलेले अल्कोहोल सुगंधात चालते असे म्हटले आहे. ज्यांना ते टाळायचे आहे त्यांनी जरूर टाळावे. पण फसवणुकीबद्दल मतभेद नाहीत. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओला निघाला. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. हा किस्सा आपण रमजानच्या बयानात दरवर्षी ऐकतो आणि तिथून उठून सरळ अत्तराच्या टेबलावर जातो.

सगळा दोष विक्रेत्याचा नाही. टेबल लावणारा पोरगा घाऊक बाजारातून डबा आणतो, त्याला तरी आत काय आहे कुठे ठाऊक? ‘शमामा हवा आणि दीडशेतच हवा’ असा हट्ट आपलाच असतो. कन्नौजच्या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण गिऱ्हाईक विचारतच नसेल, तर त्या मानांकनाचा देगीपाशी बसणाऱ्या कारागिराला काय उपयोग?

शमामा मुळात थंडीतला. उन्हाळ्यात खस, गुलाब, मिट्टी. मधली काही वर्षे रमजान भर उन्हाळ्यात आला, तेव्हा शमामा मागे पडणे साहजिक होते. आता रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आहे. 2030 मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. शमामाचे दिवस परतत आहेत, तोवर तो बनवणारे टिकावेत एवढेच.

स्वस्त अत्तर लावण्यात काही कमीपणा नाही. सुगंध लावणे सुन्नत आहे, महागडा लावणे नव्हे. फक्त सांगून विकावे आणि विचारून घ्यावे. परवा मी टेबलावरच्या पोराला विचारले, ‘तेल कोणते आहे यात?’ तो क्षणभर गोंधळला. मग हसून म्हणाला, ‘पॅराफिन है, चाचा. इसीलिए तो डेढ़सौ.’

मी दोन शिशा घेतल्या.