मुदत नसलेले कर्ज

व्यावसायिक बास्केटबॉलमधील चिनी खेळाडू म्हटला की याओ मिंगचे नाव पुढे येते. परंतु अमेरिकेच्या एन.बी.ए.मध्ये खेळलेला पहिला चिनी खेळाडू तो नव्हे. हा मान ५ एप्रिल २००१ रोजी डॅलस मॅव्हेरिक्सतर्फे मैदानात उतरलेल्या वांग झिझीचा. त्याची पुढची कहाणी क्रीडासमीक्षकापेक्षा अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाच अधिक विचारात पाडील.

वांग हा ‘बायी’ संघाचा, म्हणजे चिनी लष्कराचा खेळाडू. डॅलसने त्याची निवड १९९९ सालीच केली होती. त्याला प्रत्यक्ष सोडण्यास लष्कराने जवळजवळ दोन वर्षे घेतली. २००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाच्या सरावासाठी परतण्याचा आदेश आला. अमेरिकेतील उन्हाळी स्पर्धा खेळून आपला खेळ सुधारावा, अशी वांगची इच्छा. तो परतला नाही आणि राष्ट्रीय संघातून त्याची हकालपट्टी झाली. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध १००-१०२ असा गमावला.

शासनाची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. खेळाडू घडविण्याचा खर्च सरकारी तिजोरीने सोसला होता आणि भांडवल गुंतविणाऱ्याने परतावा मागावा, हे व्यवहाराला धरूनच आहे. मात्र कर्ज म्हटले की त्याला रक्कम हवी, व्याजाचा दर हवा, मुदत हवी. येथे तिन्हींचा पत्ता नव्हता. ऋणको केव्हा मुक्त झाला हे ठरविणार धनकोच. आणि हा ऋणको तर त्याच्याच पलटणीतला! अशा व्यवहारातून माणूस पळ काढील, यात नवल ते कोणते?

याओच्या बाबतीत अधिकारी सावध झाले. जून २००२ मध्ये ह्यूस्टनने त्याला सर्वप्रथम निवडले, तेव्हा राष्ट्रीय संघासाठी परतण्याची हमी आधीच घेण्यात आली. याओने ती पाळली. फेब्रुवारी २००८ मध्ये पायाचे हाड मोडले असतानाही ऑगस्टमध्ये तो बीजिंग ऑलिंपिकला उभा राहिला. २०११ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, पायांच्या दुखण्यांनी त्याला निवृत्त केले. त्या दुखण्यांना विश्रांतीविना गेलेले उन्हाळे कितपत कारणीभूत, हे वैद्यांनी सांगावे. परंतु हिशेबाच्या वहीत ती झीज कोणाच्याच नावे पडली नाही.

वांग मात्र लॉस एंजेलिस आणि मायामी येथे बहुतांशी राखीव बाकावर बसून २००६ मध्ये परतला. त्याने जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी दोहा येथे आणि २०१० मध्ये ग्वांगझू येथे त्याने चीनला आशियाई सुवर्णपदक मिळवून देण्यास हातभार लावला. २०२० मध्ये ‘बायी’ संघानेच व्यावसायिक स्पर्धेतून माघार घेतली.