निरपराधाच्या कपाळी शिक्का

सांगली जिल्ह्यातील एका शाळेने नऊ वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात एकाच शब्दाचा शेरा लिहिला : ‘अँटीसोशल’. मुलाची आई ते प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे आली. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तिने विचारले, “फादर, याचा अर्थ गुंड असा होतो का हो?”

मुलाचे अपराध काय ते मी विचारून घेतले. हाक मारली तर तो वळून पाहत नाही. खेळाच्या तासाला भिंतीशी बसून बाटल्यांची बुचे एका रांगेत लावतो. घंटा झाली की कानांवर हात ठेवून किंचाळतो. आपण विचारलेला प्रश्नच आपल्याला परत ऐकवतो. एके दिवशी ती रांग मोडून एक मुलगा त्याला ओढू लागला, तेव्हा त्याने त्या मुलाच्या हाताचा चावा घेतला. शेरा आला तो या चाव्यामुळे. पुढे तज्ज्ञांनी त्याला तपासले आणि ही स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे सांगितले.

‘अहो, मूल कोणात मिसळत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ’, असे समर्थन मी ऐकले आहे. ते मला मुळीच मान्य नाही. बोलण्याच्या ओघात आपण एकलकोंड्या माणसालाही अँटीसोशल म्हणतो, हे खरे. परंतु मानसोपचारशास्त्रात त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार म्हणजे लोकांत न मिसळणे नव्हे. दुसऱ्याचे हक्क सातत्याने पायदळी तुडविणे, स्वार्थासाठी फसविणे, बेदरकारपणे वागणे आणि केलेल्या इजेची खंत न वाटणे, ही त्याची लक्षणे होत. हे निदान वयाच्या अठरा वर्षांआधी करताच येत नाही. शिवाय पंधराव्या वर्षापूर्वीपासून तशा वर्तनाचा पुरावा लागतो. जे निदान नऊ वर्षांच्या मुलाबाबत करण्यास डॉक्टरही धजणार नाही, ते वर्गशिक्षकाने शाईने लिहून टाकावे, हे कोणत्या न्यायाने?

हा गोंधळ नवा नाही. १९११ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ हा शब्द छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी वापरात आणला. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था निराळी असल्याचे मांडले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी तशाच मुलांसाठी ‘ऑटिस्टिक सायकोपथी’ हे नाव योजले. तेव्हाच्या जर्मन वैद्यकात त्या शब्दाचा अर्थ ‘स्वभावाची वेगळी घडण’ एवढाच होता; नंतरच्या कानांना मात्र त्यात क्रौर्य ऐकू येऊ लागले. म्हणूनच १९८१ साली लोर्ना विंग यांनी ते नाव टाळले. शिक्क्याची परिणती किती भीषण होऊ शकते, तेही या इतिहासात आहे. ज्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ संस्थेत नाझी राजवटीत अपंग मुलांना ठार मारले जाई, तेथे आस्पर्गर यांनी काही मुले पाठविली होती, हे हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८ साली कागदपत्रांनिशी दाखवून दिले.

आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही निर्दोष नाही. त्यातून ‘स्वतःपुरते पाहणारा’ अशी छटा डोकावते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, स्वरावरून त्याच्या मनात काय आहे ते ओळखणे स्वमग्न मुलास कठीण जाते. पण समोरचा दुःखी आहे हे कळले की ते दुःख त्याला भिडते, आणि कधी कधी इतके भिडते की त्याला सोसवत नाही. समाजविघातक वृत्तीचा निर्ढावलेला माणूस दुसऱ्याचे मन पुष्कळदा अचूक वाचतो. ते वाचून त्याला पाझर मात्र फुटत नाही. एकाला वाचता येत नाही, दुसऱ्याला वाचून काही वाटत नाही. या दोहोंना एकाच मापाने मोजणे म्हणजे आंधळ्याला निर्दय म्हणण्यासारखे आहे.

पूर्वी सातारा जिल्ह्यात असताना एका गृहस्थाशी माझा परिचय होता. बोलणे मधाळ, प्रत्येक लग्नात पुढे, प्रत्येक मयताला खांदा द्यायला हजर. त्याने भिशीचे पैसे गोळा केले आणि एके दिवशी तो निघून गेला. पुढे भेटला तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याच मूर्खपणावर हसला. त्याला काही विकार होता की नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नाही; फसविणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो. परंतु वाचकहो, त्याला कोणीही अँटीसोशल म्हटले नाही. तो तर सर्वांच्या लेखी मोठा ‘सोशल’ होता!

‘पण चावा तर घेतला ना?’ असे कोणी म्हणेल. घेतला, आणि ज्याला चावला त्या मुलाला दुखले, हेही खरे. त्याला जपणे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु गोंगाट, घाई आणि ओढाताण असह्य होऊन घडलेला उद्रेक वेगळा आणि लाभासाठी योजून केलेली इजा वेगळी. पहिल्यावर उपाय म्हणजे घंटेपासून दूरची जागा, आधी दिलेली सूचना, ठरलेला दिनक्रम. तेथे छडी चालविल्याने भीती तेवढी वाढते. क्वचित एखाद्याच्या ठायी दोन्ही अवस्था असू शकतात. ते ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे, प्रगतिपुस्तकाचे नव्हे.

शाळांना माहिती नव्हती, ही सबबही आता चालणार नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करीत आली आहेत आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला एकवीस दिव्यांगत्वांत स्थान दिले. शासनमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, ही त्या कायद्याची अपेक्षा आहे. २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. ती सवलत आपली संस्कृती जपण्यासाठी आहे. नकोसे मूल दाराबाहेर ठेवण्यासाठी नाही, हे आपल्या संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावे.

आणि आपण? मिस्सेच्या वेळी असे मूल ओरडले की मागे वळून त्याच्या आईकडे पाहणारे डोळे आपलेच असतात. तो शेरा शाईने लिहिलेला नसतो, एवढाच फरक.

त्या माउलीला मी म्हणालो, “नाही, ताई. याचा अर्थ गुंड होतो. पण तुमचा मुलगा तो नव्हे.” तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, “मग हे खोडून कोण देणार?” दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मी शाळेत गेलो. शेरा खोडण्याचा नियम नाही, असे आम्हास सांगण्यात आले.