वाड्यावरचा राखणदार

दिवाळी सरली की माण, खटाव, फलटणच्या कोरड्या पट्ट्यातले धनगर बिऱ्हाड घोड्यांवर लादून बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकण गाठतात, कोणी बागायती गावांकडे वळतात. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या आणि चालता न येणारी कोवळी कोकरे. या लवाजम्यात आणखी एक जीव असतो. वाटसरूचे त्याच्याकडे लक्ष जाते ते बहुधा तो अंगावर धावून आल्यावरच! तो म्हणजे धनगराचा कुत्रा.

मेंढ्यांचा कुत्रा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा 'बॉर्डर कॉली' येतो. धन्याने शीळ घालावी आणि त्याने दूरच्या मेंढ्यांना वळसा घालून कळप आणून उभा करावा! अशा कुत्र्यांच्या स्पर्धा ब्रिटनमध्ये १८७३ साली वेल्समधल्या बाला गावी सुरू झाल्या. पण तिथे मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सुटलेल्या असतात आणि लांडगा केव्हाच नामशेष झालेला आहे. आपल्याकडे सगळे उलट. मेंढरे वळवायला धनगर स्वतः हजर असतो. त्याची हाळी आणि खांद्यावरची काठी त्याला पुरते. त्याची खरी काळजी सुरू होते ती अंधार पडल्यावर. म्हणून इथला कुत्रा मेंढरे वळवत नाही, राखतो.

हे राखणे पिल्लाला शिकवायचे कसे?

पहिला धडा असतो सहवासाचा. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत ज्यांच्या संगतीत वाढते, त्यांना ते आपले मानते. म्हणून दूध सुटताच त्याला कोकरांजवळ ठेवणे महत्त्वाचे. पुरुष मेंढरे घेऊन दिवसभर रानात असतात, कोकरे आणि पिल्लू मात्र वाड्यावर बाईच्या नजरेखाली. भाकरीचा तुकडा तीच टाकते, कोकराच्या अंगावर गेले तर दटावतेही तीच. पिल्लाची पहिली गुरू ही अशी घरधनीण असते.

चार-पाच महिन्यांनंतरचा काळ कठीण. पिल्लाच्या अंगात खेळ असतो. ते कोकरामागे धावते, कान ओढते. त्याला ती गंमत वाटते, पण कोकराचा जीव जाऊ शकतो, आणि एकदा चटक लागली की तो कुत्रा वाड्याच्या कामाचा राहत नाही. अशा वेळी त्याच क्षणी जरबेच्या आवाजात दटावून त्याला बाजूला बांधावे. तासाभराने मारून उपयोग नसतो. मार कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही, ते फक्त माणसाला भिऊ लागते. ओढाळ गुराला अडकवतात तसे हलके लोढणे काही दिवस गळ्यात अडकवले तरी धावणे आवरते. आणि सोबत एखादा जुना, शांत कुत्रा असला तर निम्मे शिक्षण तोच देतो.

शेवटचा धडा रात्रीचा. मेंढरे वाघरीत कोंडलेली असतात. लांडगे जोडीने येतात, एक कुत्र्यांना मागे लावून लांब नेतो आणि दुसरा कळपात शिरतो, असे धनगर सांगतात. म्हणजे नुसत्या शूर कुत्र्याचा उपयोग नाही. भुंकून, थोडे पुढे जाऊन हाक आली की वाघरीपाशी परतणारा कुत्रा हवा. धावणे रक्तातच असते, परतणे शिकवावे लागते. हाकेसरशी आलेल्या पिल्लाला दरवेळी घास मिळाला, तर ते अंधारातही परतते. तरी त्याच्यावर निर्धास्तपणे विसंबायला दीड-दोन वर्षे जावी लागतात.

लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. त्याला मारणे गुन्हा. त्यामुळे जागता कुत्रा मेंढी वाचवतो तसा लांडग्यालाही विषापासून आणि सापळ्यापासून वाचवतो. मात्र या राखणदाराचीही राखण हवी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित लस टोचलीच पाहिजे. कारण पिसाळलेल्या कुत्र्याचा पहिला धोका वाड्यावरच्या मुलाबाळांना असतो.

खंडोबाच्या चित्रात घोड्याजवळ कुत्रा दिसतो. धनगरांच्या या दैवताने त्याला उगीच जवळ केलेले नाही. तेव्हा एखाद्या शेतात मेंढरे बसलेली दिसली आणि कुत्रा भुंकत पुढे आला, तर दगड उचलू नका. जागीच थांबून वाड्यावरच्या माणसाला हाक मारा. कुत्रा चिडलेला नसतो, तो आपले काम करत असतो. आणि धन्याचा आवाज ऐकून तो मागे फिरला, तर समजावे, पिल्लू चांगले शिकले आहे!