आधी करवत, मग लोकसहभाग

झाडांच्या निगराणीचा ठेका घेतलेल्या कंपन्यांच्या 'लोकसहभागा'च्या बातम्या बहुधा रोपवाटपाच्या असतात. परंतु कोणते झाड राहावे आणि कोणते जावे, हे ठरविताना लोकांना कितपत विचारले जाते? इंग्लंडमधील शेफिल्ड शहराला या प्रश्नाचे उत्तर फार महागात पडले.

तेथील नगर परिषदेने २०१२ साली रस्ते आणि रस्त्याकडेची झाडे यांची देखभाल २५ वर्षांसाठी एमी या कंपनीकडे सोपविली. सुमारे ३६ हजारांपैकी १७,५०० झाडे काढून त्यांजागी नवी लावण्याचा आकडा करारातच होता. जनतेला तो कळला २०१८ मध्ये! दरम्यान, नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटेच्या अंधारात आठ झाडे पाडण्यात आली आणि विरोध करणाऱ्या सत्तरीच्या दोन महिलांना अटक झाली. पुढे खटला सोडून देण्यात आला, ही गोष्ट वेगळी.

पाच हजारांहून अधिक झाडे पडल्यावर २०१८ मध्ये काम थांबले. मग परिषद, कंपनी आणि आंदोलक यांनी मिळून झाडांची पाहणी केली. तोडीच्या यादीतील अनेक झाडे पदपथाच्या कडेचा दगड पातळ करण्यासारख्या साध्या उपायांनी वाचू शकतात, असे आढळले. हे उपाय आंदोलक आधीपासूनच सांगत होते. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालानंतर, २०२३ मध्ये, परिषदेने नागरिकांची क्षमा मागितली.