ओढा साफ करण्याआधी काठ पाहा

पुणे परिसरातील ओढे-नाल्यांची देखभाल ज्यांच्या हाती आहे, त्या अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी यांना,



दर रविवारी सकाळी एका ओढ्याच्या काठावर काम करणारी आम्ही माणसं. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, काही निवृत्त, काही कॉलेजची मुलं. ओढ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. म्हणणं एका कार्यालयापुरतं नाही आणि एखाद्या कर्मचाऱ्याला त्याची झळ बसावी अशी इच्छाही नाही.

मागणी आधीच सांगतो. पावसाळ्यापूर्वी ओढ्यात यंत्र उतरवण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी काठाने चालत यावं, तिथे काय वाढतंय ते पाहावं आणि काय राखायचं ते कामाच्या आदेशात लिहावं.

गेल्या मे महिन्यात आमच्या काठावर जेसीबी आला. पात्रातला गाळ, प्लास्टिक, राडारोडा निघायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्राने काठही खरवडला. करंज आणि उंबराची कंबरेएवढी झालेली रोपं, फाटे लावून जगवलेली वाळुंजं, पाण्यालगतचं लव्हाळं, सगळं एका सकाळी गेलं. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा चालकाने लगेच यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, ‘मला साफ करा एवढंच सांगितलंय. कुठली ठेवायची ते दाखवा, मी ठेवतो.’ उरलेली त्याने खरोखर राखली. त्या माणसाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर बाकीचीही वाचली असती. काढलेला गाळ मात्र काठावरच ढीग करून ठेवला गेला आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत त्यातला बराचसा पुन्हा पात्रात उतरला. म्हणजे खर्च झाला, काठ गेला आणि गाळ होता तिथेच राहिला.

काठावरचा झाडोरा म्हणजे कचरा नव्हे. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज यांची मुळं माती धरून ठेवतात. शेरणीसारखं झुडूप खडकांच्या फटीत मुळं रोवतं, पुरात आडवं होतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभं राहतं. झाडांच्या सावलीने उन्हाळ्यात पाणी कमी तापतं. पाण्यात पडलेल्या पानांवर किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर खंड्या.

झाडी वाढली की डास होतात, अशी तक्रार तुमच्याकडे येते हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडेही येते आणि लोकांचा त्रास खरा आहे. पण डास होतात ते तुंबलेल्या घाण पाण्यात, कचऱ्यामागे अडलेल्या डबक्यांत. उलट चतुराची पिल्लं पाण्यात वाढताना डासांच्या अळ्या खातात आणि शेवटची कात टाकायला लव्हाळ्याच्या काडीवर चढतात. पाण्याच्या जरा वर, काडीला घट्ट धरून बसलेली ती पोकळ, मातकट कात आमच्यातल्या शाळकरी मुलांना आता लांबूनही ओळखू येते. काड्याच उरल्या नाहीत तर चतुरांनी चढायचं कुठे?

आमचं काम सावकाश चालतं. पुरात वाहून आलेल्या साड्या आणि चादरी करंजाच्या मुळांत पीळ बसून अडकतात. हिसडा मारला तर मुळाची साल सोलून निघते. म्हणून एकाने मूळ धरायचं आणि दुसऱ्याने कात्रीने कापड तुकड्या-तुकड्याने कापून काढायचं. पिशवीत बांधून टाकलेलं निर्माल्य वेगळं करायचं. घाणेरी आणि रानमोडी फुलण्याआधी मुळासकट उपटायची, सुबाभळीची रोपं लहान असतानाच काढायची. हे हातानेच करावं लागतं, त्याला यंत्र नाही. पण जे हाताने उभं राहिलं ते तुमच्या एका सूचनेने वाचू शकतं.

कायद्याचा आधार शोधला तर तो अपुरा आहे. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा झाडांना संरक्षण देतो. काठ धरणारं गवत, लव्हाळं, पाणकणीस त्यात कुठेच बसत नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून नदीची पात्रं वगळलेली आहेत. म्हणून ओढ्याच्या काठाचं भवितव्य शेवटी तुमच्या कामाच्या आदेशावर ठरतं. हे पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारण ते.

काँक्रीटच्या भिंतींबद्दलही लिहायलाच हवं. काठ ढासळला की भिंत बांधायची, ही आता सवय झाली आहे. भिंतीने पात्र अरुंद होतं, पाण्याचा वेग वाढतो, जमिनीतून येणारे झरे दबतात आणि पुराचं ओझं खालच्या वस्तीवर जाऊन पडतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर या शहराने पाहिला आहे. त्या रात्रीच्या पावसाने पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. ओढ्याची जागा आवळली की तो ती परत घेतो आणि सगळ्यात जास्त भरडली जाते ती काठावरची गरीब वस्ती. शक्य तिथे दगडांची उतरती रचना आणि स्थानिक झाडं हा पहिला पर्याय असावा. दुसरा मार्गच नसेल तिथे भिंत बांधा.

आमच्या हातून होणार नाही असं एक काम आहे, ते म्हणजे मैलापाणी रोखणं. तुंबलेल्या चेंबरमधून, फुटलेल्या ड्रेनेज लाइनमधून आणि कुणी परस्पर जोडलेल्या पाइपांतून घाण पाणी थेट ओढ्यात येतं. आम्ही कितीही रोपं लावली तरी हे पाणी थांबत नाही. पाइप कुठे कुठे उघडतात ते आम्ही दाखवू. बंद करण्याचा अधिकार आणि साधनं तुमच्याकडेच आहेत. आमच्या श्रमदानाचे फोटो तुमच्या अहवालात छापले जातात तेव्हा आनंदच होतो, पण या कामाला श्रमदानाचा पर्याय नाही.

पाच जूनला, पर्यावरण दिनी, मिळणारी रोपं थोडी विचारपूर्वक द्या. काठावर गुलमोहर नको. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज हवेत. आणि पहिले दोन उन्हाळे त्यांना कोण पाणी घालणार, हे लावण्याआधी ठरवा. तुमच्या रोपवाटिकेत जागा दिलीत तर वाळुंजाचे फाटे आणि करंजाच्या बिया आम्हीच आणून देऊ.

यंदा काम सुरू होण्याच्या निदान आठ दिवस आधी आम्हाला कळवा. तुमचे कनिष्ठ अभियंता, कंत्राटदाराचा माणूस, शक्य असेल तर यंत्रचालक आणि आमच्यातले दोघे-तिघे असे मिळून काठाने चालू. राखायच्या झाडांना चुन्याने पट्टे मारू, गाळ कुठे नेऊन टाकायचा ते तिथेच ठरवू. रविवारच हवा असं नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी आणि सांगाल त्या वेळेला आम्ही येऊ.